सेनापतीचे बिऱ्हाड आणि बाईंचे घर

जुन्या वास्तूंच्या जतनाचा विषय निघाला की आपल्या सभांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. मग ती सभा इंदुरास असो, बडोद्यास असो, बेळगावात असो की ग्वाल्हेरीस. वक्ते म्हणतात, "त्या अमेरिकेकडे पाहा! काल जन्मलेला देश. पण सेनापती चार दिवस राहून गेला म्हणून शेतकऱ्याचे साधे घरसुद्धा त्यांनी जिवापाड जपले. आणि आमचे वाडे?" येथे टाळ्या पडतात, अध्यक्ष मान डोलावतात आणि शासनास द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा संमत होतो. हे वाक्य खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे. आणि उरलेले अर्धे आपल्या घराण्यांना अधिक लागू पडते, म्हणून ते येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

शेतकऱ्याच्या ज्या घराचा दाखला असा दिला जातो, त्याचा सर्वांत नामांकित नमुना न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या पश्चिम काठावर न्यूबर्ग या गावी आहे. हॅसब्रूक घर या नावाने ते ओळखले जाते. हॅसब्रूक हे मूळचे फ्रेंच प्रॉटेस्टंट घराणे. धर्मच्छळामुळे देशोधडीला लागून त्यांचे पूर्वज अमेरिकेत आले आणि न्यू पाल्ट्झ येथे स्थायिक झाले. त्यांच्यापैकी जोनाथन हॅसब्रूक याने १७५०च्या सुमारास न्यूबर्गला हे घर बांधावयास घेतले, आणि पुढे वीस वर्षांत दोनदा वाढवून १७७०मध्ये त्यास आजचे रूप दिले. बांधणी डच धाटणीची. शेतातल्या अनघड दगडांच्या जाड भिंती आणि वर उतरते प्रचंड छप्पर. चुलीला दोन्ही बाजूंस भिंतीच नाहीत. विस्तव जमिनीवर आणि धूर वर लटकत्या धुराड्यात. जोनाथन शेती करी, गिरणी चालवी, दुकानही चालवी. स्थानिक पथकाचा तो कर्नलही होता. १७८०मध्ये तो वारला आणि घराची धनीण झाली ती त्याची विधवा पत्नी, ट्रिंट्ये.

दोन वर्षांनी, एप्रिल १७८२च्या आरंभी, जनरल वॉशिंग्टन यांनी या घरात आपले मुख्य ठाणे आणले आणि ऑगस्ट १७८३पर्यंत, म्हणजे सुमारे साडेसोळा महिने, ते तेथेच राहिले. संपूर्ण युद्धात दुसऱ्या कोणत्याही एका घरात ते इतका काळ राहिले नाहीत. पत्नी मार्था, हाताखालचे अधिकारी, चिटणीस, चाकरमाणसे असा सगळा पसारा त्या घरात मावविला गेला. डिसेंबर १७८२मध्ये शास्तेल्यू नावाचा फ्रेंच सरदार भेटीस आला होता. घरातली मोठी म्हणावी अशी एकच खोली, तिला दारे सात आणि खिडकी एक, हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे. त्याचा बिछाना रात्री बैठकीच्या खोलीत घातला गेला आणि सकाळी न्याहारीपूर्वी ती खोली पुन्हा बैठकीसाठी मोकळी करावी लागली. मुंजीला पाहुणे आल्यावर आपल्याकडे गाद्या कशा उचलल्या जात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

या घराचा ऐतिहासिक मान उसना नाही. २२ मे १७८२ रोजी निकोला नावाच्या एका कर्नलाने वॉशिंग्टन यांना पत्र लिहून राजपदाची कल्पना सुचविली. त्याच दिवशी, याच घरातून, तिचा कठोर शब्दांत अव्हेर करणारे उत्तर गेले. ७ ऑगस्ट १७८२ रोजी याच घरातून साध्या शिपायांच्या कर्तबगारीसाठी कापडी हृदयाच्या आकाराचे सन्मानचिन्ह जाहीर झाले, ज्याच्या धर्तीवर १९३२मध्ये 'पर्पल हार्ट' हे पदक सुरू करण्यात आले. एप्रिल १७८३मध्ये युद्धविरामाचा हुकूम येथूनच सुटला. हाती अमर्याद सत्ता येऊ शकत असताना ती नाकारणारा माणूस ज्या ओबडधोबड खोलीत बसून लिहीत होता, ती खोली पाहावी असे कोणास वाटले तर त्यात गैर काहीच नाही.

मात्र हे घर वाचले कसे, ती हकीकत आपले वक्ते सांगत नाहीत. भक्तिभावाने हेलावून कोणी ते विकत घेतले, असे घडले नाही. युद्धानंतर घर हॅसब्रूकांकडेच राहिले. पुढे नातवाने ते गहाण टाकले. संघराज्याच्या तिजोरीतील शिल्लक राज्यांना वाटून देण्यात आली होती, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून जमिनीच्या तारणावर ती कर्जाऊ दिली जात होती. त्यातलेच हे कर्ज. ते फिटले नाही, घर सरकारजमा झाले. एरवी लिलावच व्हावयाचा. परंतु गावातल्या काही माणसांनी आणि त्या कर्जखात्याच्या एका अधिकाऱ्याने नेट लावला आणि १८५०मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा करून ते घर जनतेसाठी राखले. ४ जुलै १८५० रोजी जनरल विनफिल्ड स्कॉट यांच्या हस्ते तेथे निशाण चढले. अमेरिकेत शासनाने ऐतिहासिक वास्तू म्हणून राखलेले हे पहिले घर होय. वॉशिंग्टन यांचे स्वतःचे माउंट व्हर्नन तेथील महिलांच्या संघटनेने विकत घेतले ते १८५८मध्ये. थोडक्यात, थकलेले कर्ज, जागरूक कारकुनी आणि एक कायदा यांनी हे घर वाचविले. आपल्याकडे कर्जबाजारी वाडे शेकड्यांनी झाले. कारकुनी जागी असल्याचे दाखले मात्र शोधावे लागतात. येथवर आपल्या वक्त्यांशी आमचे भांडण नाही.

भांडण आहे ते याच्या पुढे. घर राहिले, पण राहिले ते कोणाचे घर म्हणून? शंभर-दीडशे वर्षे त्या वास्तूची ओळख 'वॉशिंग्टन यांचे मुख्य ठाणे' अशीच सांगितली गेली, आणि अधिकृत नावही आजतागायत तेच आहे. साडेसोळा महिन्यांच्या बिऱ्हाडकरूने जवळजवळ शंभर वर्षांच्या मालकांना दाराबाहेर काढले. पहिल्याने हे प्रत्यक्षात घडले, दुसऱ्याने स्मरणात. नवरा जाऊन दोन वर्षे होत नाहीत तोच ट्रिंट्ये हॅसब्रूक या बाईंना स्वतःची चूल सोडून न्यू पाल्ट्झला आप्तांकडे जावे लागले. सैन्याचा मामलाच तसा असतो, त्याबद्दल आम्ही वॉशिंग्टन यांना दोष देत नाही. दोष आहे तो युद्ध संपल्यावरही बाईंना त्या घरात परत न घेणाऱ्या स्मारककारांचा.

आणि बाई तरी कुटुंबप्रमुख होत्या. त्यांच्या घरात गुलाम होते. न्यूयॉर्क हे उत्तरेकडचे राज्य, म्हणून तेथे गुलामगिरी नसावी असा आपल्या वाचकांपैकी अनेकांचा समज असेल. तो खरा नाही. १७९०च्या शिरगणतीत त्या राज्यात एकवीस हजारांहून अधिक गुलाम नोंदले गेले, आणि ती प्रथा तेथे कायद्याने पूर्ण संपली ती १८२७मध्ये. सेनापतींबरोबरही त्यांचा गुलाम विल्यम ली हा युद्धभर सावलीसारखा होता. मृत्युपत्राने त्याला तत्काळ स्वातंत्र्य आणि वार्षिक तीस डॉलरांचे वेतन मिळाले. राजमुकुट नाकारणारे पत्र ज्या घरात लिहिले गेले, त्याच घरात पाणी भरणारी माणसे विकत घेतलेली होती. यातली एक गोष्ट सांगून दुसरी गाळणे याला आम्ही जतन म्हणत नाही.

न्यूबर्गपूर्वीचा एक प्रसंग तर फारच बोलका आहे. १७७९-८०च्या कडाक्याच्या हिवाळ्यात वॉशिंग्टन यांचे ठाणे न्यूजर्सीतील मॉरिसटाउन येथे, थिओडोसिया फोर्ड या दुसऱ्या एका विधवेच्या घरी होते. ही बाई घर सोडून गेली नाही. चार मुलांसह दोन खोल्यांत राहिली. स्वयंपाकघर मात्र एकच. सेनापतींकडची अठरा माणसे आणि बाईंची सारी माणसे त्याच एका चुलीभोवती दाटीवाटीने उभी असत. शेवटी सेनापतींनी स्वतःच आपल्या अधिकाऱ्यास पत्र लिहून, आपल्या माणसांसाठी वेगळे स्वयंपाकघर अद्याप बांधले गेले नाही म्हणून तक्रार केली. राष्ट्राच्या जन्माची कथा या एका पत्रात जितकी जिवंत होते, तितकी दहा पुतळ्यांत होत नाही असे आमचे मत आहे. आणि ती जिवंत होते याचे कारण त्यात सेनापतीबरोबर घरही आहे.

न्यूबर्गपासून थोड्याच मैलांवर न्यू विंडसर येथे १७८२-८३च्या हिवाळ्यात सात हजारांच्या आसपास शिपायांची छावणी होती. काहींच्या बायकामुलेही सोबत होती. पगार थकलेले, पोटात राग. मार्च १७८३मध्ये अधिकाऱ्यांचे बंड व्हावयाचे ते तेथील मोठ्या लाकडी सभागृहात टळले. वॉशिंग्टन यांनी पत्र वाचण्यासाठी चष्मा काढला आणि नजर अधू झाल्याची कबुली दिली, तो प्रसिद्ध प्रसंग तिथलाच. ते सभागृह आणि शिपायांच्या सुमारे सहाशे झोपड्या सैन्य विसर्जित होताच लिलावात मोडीत निघाल्या. आज तेथे उभे असलेले सभागृह नव्याने बांधलेले आहे. म्हणजे सेनापतीचे बिऱ्हाड दगडाचे म्हणून, आणि सेनापतीचे म्हणूनही, टिकले. शिपायांचे लाकूड सरपणात गेले.

त्याच न्यूबर्ग शहरात १९६०-७०च्या दशकांत नगरसुधारणेच्या नावाखाली नदीकाठची जुनी वस्ती पाडण्यात आली. हजाराहून अधिक इमारती गेल्या, आणि तेथून उठविलेल्यांत मोठा भरणा कृष्णवर्णीयांचा होता. सेनापतीच्या घराच्या अंगणातून हा उजाड काठ दिसत असे. पुढे २००८मध्ये एका जुन्या शाळेचे न्यायालयात रूपांतर करण्यासाठी खोदकाम चालू असता खाली एकोणिसाव्या शतकातील कृष्णवर्णीयांची दफनभूमी लागली. त्या थडग्यांवरच कधीकाळी शाळा बांधली गेली होती. १८५०मध्ये वारसा जपण्याचा पहिला धडा ज्या गावाने देशास घालून दिला, त्याच गावाची ही दुसरी वही आहे. आदर्श म्हणून बोट दाखवावयाचे तर दोन्ही वह्यांकडे दाखवावे.

आता आपल्याकडे येऊ. येण्यास मे १७८२ हा महिनाच पुरेसा आहे. निकोलाला उत्तर गेले २२ मेला. त्याच्या पाचच दिवस आधी, १७ मे १७८२ रोजी, ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई येथे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठे आणि इंग्रज यांच्यात तह झाला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपले. दोन्हीकडे समोर इंग्रजच. (यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६मध्ये आपल्याकडे गव्हर्नर-जनरल होऊन आला, आणि टिपूविरुद्धच्या युद्धात पुणे दरबार त्याच्या बाजूस उभा राहिला, हेही जाता जाता आठवावे.) महादजींचा मुक्काम तंबूंचा होता. पुढे १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमची स्थिरावली, आणि तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले. त्या शहराला लष्कर हेच नाव पडले. त्यातल्या एका भागाला अजून कंपू म्हणतात.

हा फरक नीट ध्यानात घ्यावा. न्यूबर्गला सेना आली, राहिली आणि गेली. मालकिणीस घर परत मिळाले. माळव्यात आणि ग्वाल्हेरीस सेना आली आणि राहिली. आणि आपण, या पत्रिकेचे वाचक, बहुतांशी त्या राहिलेल्यांचे वंशज आहोत. कोणाचे पूर्वज पथके, कोणाचे फडणीस, कोणाचे आचारी, कोणाचे शागीर्द, कोणाचे पुजारी म्हणून आले. न्यूबर्गच्या कथेत आपण आपोआप सेनापतीच्या बाजूला जाऊन उभे राहतो, पण छावणीच्या जागेवर आधी कोणाची शेते होती? कहीवर निघालेल्या स्वारांनी कोणाचे गवत, कोणाची कडबी नेली? तेथल्या ट्रिंट्येबाई कोण होत्या? या प्रश्नांनी कोणाचे घराणे लहान होत नाही. ते न विचारल्याने मात्र इतिहास लहान होतो.

आणि तरीही आपल्या निवेदनांचा साचा ठरलेला असतो. "सदर वाड्यात अमुक श्रीमंतांचा मुक्काम झाला होता, सबब वाडा संरक्षित घोषित करून दर्शनी भागी फलक लावावा." वाड्यात दोनशे वर्षे जे नांदले त्यांचा उल्लेख नाही, जे तीन रात्री उतरले त्यांच्या नावाने मागणी. माजघरात ज्या बाळंतिणी झाल्या, आलवणातल्या ज्या बायकांनी पहाटे तीनला उठून सोवळ्यातला स्वयंपाक केला, ज्या गड्यांनी पिढ्यान् पिढ्या विहिरीचा रहाट ओढला, ज्या कुळांच्या वसुलावर दिवाणखान्याच्या हंड्या पेटल्या, ते सारे फलकावर मावत नाहीत, म्हणून निवेदनातही येत नाहीत. न्यूबर्गची जी उणीव आहे, तिचीच आपण नक्कल करीत आहो. जी करामत आहे, कायदा आणि कारकुनीची, ती मात्र घ्यावयास तयार नाही.

यावर एक व्यवहारी आक्षेप येईल, किंबहुना तो नेहमी येतो: थोर नाव जोडल्याविना शासन दरबारी दाद लागत नाही. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण तो अनुभवातून आलेला आहे. परंतु १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा काढून पाहावा. शंभर वर्षांचे अस्तित्व आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक मोल, हे निकष त्यात आहेत. तेथे कोणी सेनापती निजलाच पाहिजे असे कलम त्यात नाही. मोल दाखवावयाचे असते ते कागदाने. आणि येथेच आपल्या घराण्यांची खरी परीक्षा आहे.

जोनाथन हॅसब्रूकची हिशेबवही टिकली. कोणास किती दळण दिले, कोणाकडे किती येणे, अशा नोंदींतून आज अभ्यासक ते घर पुन्हा वसवू पाहत आहेत, आणि सेनापतीच्या आड गेलेले कुटुंब हळूहळू दिसू लागले आहे. त्या वहीच्या कितीतरी पटीने मोठे भांडार आपल्या माळ्यांवर होते. राजवाड्यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो वाईस मिळालेल्या कागदांच्या बळावर, सरकारी खजिन्यातल्या नव्हे. शिंद्यांच्या वतीने कोट्यास राहणाऱ्या गुळगुळे घराण्याने आपले दफ्तर जपले, म्हणून राजस्थानातल्या मराठी अंमलाचा इतिहास आज कागदावरून सांगता येतो. एका घराने हे केले. वाड्याचा व्यवहार ठरला की पहिल्याने देवघरातले टाक हलतात, मग पितळी भांडी, मग नक्षीचे खांब. आणि मोडी वाचणारे घरात कोणी उरले नाही म्हणून रुमालात बांधलेली दफ्तरे किलोच्या भावाने रद्दीत जातात. हे एका शहरात नव्हे, आपल्या प्रत्येक शहरात घडले आहे. त्यानंतर तोच वारस जतन समितीच्या व्यासपीठावर येऊन अमेरिकेचा दाखला देतो, तेव्हा आम्हांस हसावे की रडावे कळत नाही.

दुसरा आक्षेप नाजूक आहे. घरगुती कागदांत घरगुती गोष्टी असतात. दत्तकाचे तंटे, विधवेच्या अन्नवस्त्राचे अर्ज, सावकारी, बटकींची खरेदी. होय, बटकींचीही. मराठी अंमलातील कागदपत्रांत कुणबिणींची किंमत मांडलेली सापडते, आणि ती आपल्याही दफ्तरांत सापडेल. घराण्याची अब्रू जाईल म्हणून ती दफ्तरे बांधूनच ठेवावीत असे ज्यांना वाटते, त्यांनी वास्तूसाठी जनतेचा पैसा मागू नये, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते. जनतेच्या पैशाने भिंती राखावयाच्या आणि भिंतींच्या आतले मात्र खासगी ठेवावयाचे, हा व्यवहार सरळ नाही.

म्हणून आमची सूचना अशी. आमच्या मंडळाकडे वाड्याच्या जतनासाठी शिफारस मागणाऱ्या अर्जासोबत यापुढे चार गोष्टी याव्यात. वाड्याचा नकाशा, ज्यात दिवाणखान्याइतकेच स्वयंपाकघर, न्हाणीघर, गोठा आणि गड्यांच्या खोल्या दाखविलेल्या असाव्यात. घरातील कागदांची यादी, मग ते मोडीत असोत, फारशीत असोत की न वाचलेले असोत. न वाचता आलेल्या कागदाची लांबीरुंदी आणि रुमालाची खूण दिली तरी चालेल. तेथे राहिलेल्या माणसांची यादी, सुनालेकींच्या आणि चाकरांच्या नावांसह, जितकी आठवते तितकी. आणि चौथी गोष्ट म्हणजे कागद तपासण्याची अनुमती, कर्त्या माणसाच्या सहीने. श्रीमंतांचा मुक्काम झाला असेल तर तोही कळवावा. त्यासाठी अर्जाच्या शेवटी दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.